बसवाली, कप्तान आणि एकच वल्हं

बसवालीला गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. ती शाळेची बस चालवायची म्हणून बसवाली. तिचा नवरा तो बसवालीचा नवरा आणि मुलगी ती बसवालीची मुलगी. एवढी लांबलचक गाडी ती गल्लीच्या तोंडापासून शाळेच्या फाटकापर्यंत उलटी आणायची, तीही एका हातानं. दुसरा हात खिडकीबाहेर काढून ती वाटेतल्या स्कूटरवाल्यांची खरडपट्टी काढत असायची. आईबापांचीही गय नव्हती. "पोरगं वेळेवर येतं हो, तुमचेच मुके संपत नाहीत," असं एका जाडजूड बापाला तिनं भर रस्त्यात सुनावलं होतं, आणि तो मुकाट्यानं बाजूला झाला होता. माणसं ओळखावीत तर आपणच, असा तिचा समज होता. बसची पायरी चढताना माणूस दांडा कसा धरतो, एवढ्यावरून ती त्याची किंमत करायची. बहुतेकांची कमीच व्हायची.

नवऱ्याचं न्हाणीघराच्या फरश्यांचं दुकान होतं. फिकट फरशीवर डाग दिसतात आणि गडद फरशीवर पाण्याचे थेंब दिसतात, हे ज्ञान त्यानं जन्मभर गिऱ्हाइकांना वाटलं. गिऱ्हाइकं ते ऐकून घेत आणि बायकांना जी आवडेल ती फरशी नेत. माणूस स्वभावानं गरीब. घरात आवाज एकच, आणि तो त्याचा नव्हता. पुढं त्यानं दुकान पुतण्याच्या हवाली केलं, आणि महिनाभरात तो एक पांढरी टोपी घेऊन घरी आला. टोपीवर जरीचा नांगर होता.

"हे काय?" बसवालीनं विचारलं.

"टोपी."

"ते दिसतंय मला. कशावर घालायची?"

"बोटीवर," तो म्हणाला.

म्हणजे टोपी आधी आली आणि बोट मागून. बोट शिडाची होती, जुनी होती, आणि अर्धीच त्याची होती. उरलेली अर्धी त्याच्या मित्राची, जो आयुष्यभर लोकांचे विमे उतरवत आला होता आणि स्वतः जिना उतरताना कठडा सोडत नसे. पंधरवड्याच्या आत धक्क्यावरची माणसं नवऱ्याला 'कप्तान' म्हणू लागली. तसं म्हणायला त्यानंच सुचवलं होतं.

या बोटवाल्या मंडळींबद्दल बसवालीचं मत पहिल्याच रविवारी झालं आणि पुढं कधी बदललं नाही. ती माणसं सकाळी यायची, बोटी पुसायची, दोर गुंडाळायची, पुन्हा सोडायची, पुन्हा गुंडाळायची, आणि आभाळाकडं बघून गंभीर व्हायची. "आज जरा अवघडच आहे," असं एक म्हणाला की बाकीचे माना डोलवायचे आणि सगळे मिळून क्लबच्या बारमध्ये जायचे. समुद्रावर जाण्यापेक्षा त्याच्याबद्दल बोलण्यात त्यांचा जास्त वेळ जायचा. गेलेच तर परत येऊन त्याबद्दल आणखी बोलायचे.

आणखी एक गोष्ट तिला आधी कुणी सांगितली नव्हती. मोठी बोट वाटेल तिथं किनाऱ्याला लागत नाही, तिला पाणी खोल हवं असतं. ती लांब नांगर टाकून उभी राहते, आणि जमिनीवर यायचं तर तिच्या शेपटीला बांधलेल्या डिंगीत, म्हणजे एका फुगवलेल्या रबरी होडक्यात उतरावं लागतं. थोडक्यात, ज्याला ही मंडळी समुद्रपर्यटन म्हणत, त्यातलं निम्मं या टबात उकिडवं बसून, ओल्या ढुंगणानं करायचं असतं. बसवाली डिंगीला टबच म्हणायची.

त्या टबानं पहिल्या वर्षभरात यांची अब्रू हप्त्याहप्त्यानं घालवली. एकदा कप्तान कुणाला तरी सलाम ठोकायला आत उभा राहिला आणि तिघंही, उकडलेल्या अंड्यांच्या डब्यासकट, धक्क्यापासून हातभर अंतरावर पाण्यात पडली. धक्क्यावरचाच खांब हाताशी होता म्हणून निभावलं. एकदा तळाचं बूच लावायचं राहिलं, आणि पाय भिजताहेत हे विमेवाल्याला चांगलंच उशिरा कळलं, कारण त्यानं नवे गमबूट घातले होते. पण सगळ्यांत कडी झाली ती एका बेटावर. किनाऱ्यालगतच्या खानावळीत तिघं जेवत होती. कप्तानानं टब बांधताना घातलेली गाठ इतकी अवघड होती की ती सुटायला कुणाचीच मदत लागली नाही. समोरून टब एकटाच, निवांत, पाण्यावर डुलत चालला होता. विमेवाल्यानं घास थांबवून बोट दाखवलं.

"वहिनी, बघा, कुणाची तरी होडी सुटली बिचाऱ्याची."

सगळी खानावळ खिडकीशी आली. कप्तानही हळहळला. टबातला आपला अंड्यांचा हिरवा डबा बसवालीनं ओळखला, पण तिनं आधी भात संपवला आणि मग सांगितलं.

तरीही दुसऱ्या वर्षी ती आठवडाभराच्या बेटांच्या सफरीला गेली. त्याचं कारण वेगळं होतं. तिची नोकरी संपली होती. रोज सकाळी तीच बस गल्लीतून जायची. नवा ड्रायव्हर उगाच भोंगा वाजवायचा, आणि वळणावर गिअर असा ओरबाडायचा की चहाच्या कपापाशी बसलेल्या बसवालीच्या दाढा शिवशिवायच्या. मुलीनं फोनवर सांगितलं, "आई, जा गं बाबांबरोबर. तू असलीस की मला काळजी नसते."

"आणि माझी काळजी?"

"तुझी कसली काळजी करायची!"

निघताना धक्क्यावर बसवालीनं विमेवाल्याला एकच काम सांगितलं. "भाऊजी, पिण्याच्या पाण्याची टाकी काठोकाठ भरून घ्या." विमेवाल्यानं नळी लावली, शीळ घालत टाकी भरली, हात पुसले. दिवसभर शिडावरच येऊन संध्याकाळी त्यांनी एका उघड्याबोडक्या खडकाळ बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. बेटावर ना झाड, ना माणूस, ना पाण्याचा टिपूस. कप्तानानं हौसेनं डोलकाठीवर रंगीत दिव्यांची माळ लावली, आणि ती बघत बघत दोघं मित्र झोपून गेले.

सकाळी बसवालीनं चहासाठी नळ सोडला. नळानं सुस्कारा टाकला आणि गप्प झाला. वर कप्तान इंजिन सुरू करत होता. इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि तेही गप्प झालं. दोघा मित्रांनी फळ्या उचकटल्या, डोकी आत घातली, वास घेतले. शेवटी कप्तानानं डिझेलच्या टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"पाणी आहे," तो खोल आवाजात म्हणाला.

"सापडलं ना?" बसवाली म्हणाली. "मी तेच शोधतेय मघापासून."

विमेवाला लाल झाला. "झाकणं अगदी सारखी आहेत, वहिनी."

"एकावर पाणी लिहिलंय, दुसऱ्यावर डिझेल लिहिलंय. लोकांना तुम्ही मुंगीएवढ्या अक्षरांखाली सह्या करायला लावता, आणि तुम्हाला ही तळहाताएवढी अक्षरं वाचता येईनात?"

वारा ठार पडला होता. शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. वायरलेसवर मदत मागावी तर रात्रीच्या माळेनं बॅटरी पिऊन टाकली होती, आणि ती भरायला इंजिन हवं होतं. फोनला रेंज नव्हती. समोर, रुंद खाडीच्या पलीकडं, मोठं बेट दिसत होतं. तिथं गाव होतं, धक्का होता, नळ होते. कप्तानानं टोपी सारखी केली. "डिंगीनं जाऊ. तिच्या मागचं मशीन नवं आहे."

तिघं पाण्याचे रिकामे कॅन आणि एक काळी छत्री घेऊन टबात बसली. मशीन खरंच नवं होतं. ते अर्ध्या वाटेपर्यंत छान चाललं, मग आचके देऊन बंद पडलं. कप्तानानं दोरी ओढली, पुन्हा ओढली, विमेवाल्याला ओढायला दिली. मग दोघांनी मशीन उघडायचं ठरवलं. बसवाली म्हणाली, "उघडू नका." त्यामुळे त्यांनी ते नक्की उघडलं. विमेवाल्यानं स्पार्क प्लग काढला, उन्हात धरला, "काळा पडलाय," असं निदान केलं, आणि फुंकर मारायला तोंडाजवळ नेताना तो त्याच्या बोटांतून निसटला. 'डुबुक' असा अगदी बारीक आवाज झाला. तिघंही पाण्याकडं बघत राहिली, जणू तो वर येणार होता.

"ठीक आहे, वल्हवू," कप्तान म्हणाला.

होडक्यात वल्हं एकच होतं.

"दुसरं कुठंय?" बसवालीनं विचारलं. कप्तान मान वळवून मागं बघू लागला. लांबवर त्यांची बोट दिसत होती. तिच्या पाठीमागं क्लबचा झेंडा होता, आणि तो झेंडा ज्या काठीला बांधला होता, तिचं खालचं टोक चपटं होतं.

"झेंड्याला काठी आखूड पडत होती," तो म्हणाला.

तरंगायची जॅकेटंही बोटीवरच होती. ती उशांच्या कामी लागली होती.

भांडण इथं खरं तर जोरात व्हायला हवं होतं, पण बसवालीचं लक्ष दुसरीकडं गेलं. मोठ्या बेटाच्या टोकाशी एक पांढरा खडक होता. मघाशी तो समोर होता. आता तो बाजूला सरकला होता. टब उभा नव्हता. ओहोटी लागली होती आणि ती त्यांना उघड्या समुद्राकडं ओढत होती. ती रस्त्यावरची बाई. तिच्या जगात ब्रेक दाबला की गाडी थांबायची. तिनं कप्तानाच्या हातून वल्हं हिसकलं, टबाच्या तोंडाशी गुडघे टेकले आणि एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं असं पाणी ओढायला लागली. पहिल्यांदा टब नुसता गोल फिरला. ती शिव्या घालत होती. नवऱ्याला, विमेवाल्याला, क्लबला, झेंड्याला आणि मुलीला. हळूहळू टब सरळ जाऊ लागला. गुडघे सोलवटले, तळहातांना फोड आले.

"वहिनी, मी घेऊ का थोडं?" विमेवाल्यानं विचारलं.

"तुम्ही कशालाही हात लावू नका. छत्री धरून बसा."

त्यानं छत्री उघडली, आणि नेमकी तेव्हाच दुपारची वाऱ्याची झुळूक आली. छत्री भरली, विमेवाला पुढं झुकला आणि टब चक्क पुढं सरकला. "धरून ठेवा!" बसवाली ओरडली. दोघं मित्र एकमेकांना चिकटून छत्रीच्या दांड्याला लोंबकळले. बराच वेळ तिघं अशी गेली. मग वारा वाढला, लाटा उठल्या, छत्री उलटी होऊन तिच्या काड्या बाहेर आल्या, आणि पाणी आत येऊ लागलं. कप्तान टोपीनं पाणी उपसू लागला. टोपीचं खरं काम त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

गाव बेटाच्या पुढच्या अंगाला होतं. ही तिघं मागच्या अंगाला लागली. तिथं वाळूवर काही बायका मासळी वाळत घालत होत्या. त्या हात हलवून काहीतरी सांगत होत्या. उजवीकडून या, इथं लाट फुटते, असं बहुधा. कप्तानानं त्यांना उलट हात हलवला. पुढच्याच लाटेनं टबाला मागून उचललं, आडवं केलं आणि पालथं घातलं.

बसवाली खारं पाणी गिळत वर आली तेव्हा तिच्या मानेभोवती दोन हात पडले. "अगं, धर! धर मला! मला पोहता येत नाही!" कप्तान किंचाळत होता. तो पाय झाडत होता, बुडत होता, वर येत होता, तिला खाली ओढत होता. ती घाबरली, धडपडली, आणि तिच्या पायांना वाळू लागली. ती उभी राहिली. पाणी कमरेएवढं होतं.

"अहो, उभे राहा," ती म्हणाली.

त्याला ऐकू जात नव्हतं. तो बुडण्यात गुंतला होता.

"उभे राहा! पाय टेकवा खाली!"

तो उभा राहिला. पाणी त्याच्या शर्टाच्या खिशापर्यंतही आलं नाही. विमेवाला आधीच कॅन छातीशी धरून वाळूवर पोचला होता. किनाऱ्यावरच्या बायकांतली एक हसली, आणि मग सगळ्याच हसल्या. एक तर खाली बसून हसली.

बसवालीला हसू आलं नाही. तिला वेगळीच गोष्ट झोंबली होती. दोन वर्षं हा माणूस दर सुट्टीला त्या टबात उतरत होता, दर वेळी कडेचा दोर बोटं पांढरी पडेस्तोवर धरत होता, आणि जगातल्या सगळ्यांची पकड ओळखणाऱ्या तिला घरातल्या माणसाची पकड दिसली नव्हती.

संध्याकाळी मासळीवाल्यांच्या अंगणात, उसने कपडे घालून, दोघं चहा पीत बसली. विमेवाला आत घोरत होता.

"पोहता येत नाही, तर बोट कशाला घेतलीत?"

त्यानं कप खाली ठेवला. "दुकानात मला कुणी काही विचारलं नाही गं. फरशी बघायचे, बायकोला विचारायचे, जायचे. इथं विचारतात. कप्तान, आज वारा कसा वाटतो?"

"आणि कळतं तुम्हाला, कसा आहे ते?"

"नाही. पण विचारतात."

तिनं त्याचा कप उचलून त्याच्या हातात दिला. "चहा गार होतोय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मासेमारीच्या लाँचनं त्यांना बोटीसकट ओढत आणलं. धक्क्यावरच्या मेकॅनिकनं मशीन धुऊन वाळवलं, नवा प्लग बसवला आणि त्याच्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा एक छोटा स्क्रू सैल केला. "एवढंच झालं होतं. हवा जायला जागा नव्हती. बाकी काही बिघडलं नव्हतं," तो म्हणाला. दोघं मित्र त्या स्क्रूकडं असे बघू लागले, जणू तो शत्रूला फितूर झाला होता.

विमेवाल्यानं आपली अर्धी बोट विकली आणि तो डोंगर चढणाऱ्यांच्या मंडळात सामील झाला. बसवालीला डोंगरांची दया आली. कप्तानानं मात्र क्लबात गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत लाटा घराएवढ्या झाल्या होत्या आणि बायकोला वाचवायला त्यानं पाण्यात उडी घेतली होती. बसवाली शेजारीच बसून खारे दाणे खात होती. "अहो," ती म्हणाली, "पाणी केवढं होतं ते सांगितलंच नाहीत." कप्तानाचा चेहरा पडला. त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की तिच्या हातातला दाणा हातातच राहिला.

"खूप होतं," तीच म्हणाली. "विचारू नका."

घरी जाताना तिनं त्याचा हिशेब चुकता केला. "उद्यापासून पोहायला शिकायचं. नाहीतर मी त्या क्लबच्या फळ्यावर खडूनं 'कंबर' असं लिहीन." तो शिकला. नगरपालिकेच्या तलावात, चिल्ल्यापिल्ल्यांच्या तुकडीत, पोटाला नारिंगी फुगा बांधून. तलावाची रुंदी पहिल्यांदा पार केली त्या दिवशी त्यानं मुलीला फोन केला आणि तो इतका वेळ बोलला की बसवाली आमटीभात एकटीच जेवली.

तिला मात्र टबाची चटक लागली. मोठी बोट तिला कधीच आवडली नाही. तिच्यावर पुसण्याजोगं फार होतं. पण टबात मशीनचा दांडा हातात धरून, एकटीनं, कुणाच्या सूचना न ऐकता लांब लांब जाणं तिला मानवलं. दोन वल्ही, एक जॅकेट, एक पाण्याची बाटली. किनाऱ्याकिनाऱ्यानं ती पार पलीकडच्या बेटांपर्यंत जाऊ लागली. क्लबातल्या मंडळींना ती हात दाखवत नसे. ती मंडळी अजून दोर गुंडाळत होती.

आणि मग एके दिवशी ती दूरच्या एका बेटावर गेली, उंच दगडी धक्क्याच्या कडीला भरतीच्या वेळी टब आखूड दोरानं पक्का बांधला, आणि बाजारात फिरायला गेली. परतली तेव्हा धक्क्यावर चार माणसं जमून खाली बघत होती. ओहोटीनं पाणी पार तळाला गेलं होतं आणि टब नाकाशी अडकून भिंतीला उभा लोंबत होता. वल्ही, बाटली आणि तिची टबात घालायची चप्पल खाली चिखलात पडली होती. गाठ इतकी पक्की होती की ती सोडवताही येईना.

"बाई, होडी वाळत घातलीत का?" एका कोळणीनं विचारलं.

पाणी वर येईपर्यंत बसवाली धक्क्यावर पाय सोडून बसून राहिली, आणि येणाराजाणारा प्रत्येक जण थांबून तिला ओहोटी म्हणजे काय ते समजावून सांगत होता. एकानं तर धक्क्यावरच्या धुळीत काडीनं आकृती काढून दाखवली. तिनं ती निमूट पाहिली.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. कप्तान दारात उभा होता. खोटं सांगायचं तिनं वाटेत ठरवलं होतं, पण त्याचा काळजीनं उतरलेला चेहरा बघून तिनं सगळं सांगून टाकलं. तो आधी नीट ऐकत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले, मग तो खुर्चीवर बसला, मग डोळे पुसू लागला. एवढं हसताना तिनं त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

"दोर केवढा ठेवला होतास?" त्यानं कसंबसं विचारलं.

"हातभर."

"अगं, भरतीला बांधताना दोर सैल सोडायचा असतो! मी बरोबर असतो तर..."

"तुम्ही बरोबर असता," बसवाली चिखलानं भरलेली चप्पल मोरीत टाकत म्हणाली, "तर तिथवर पोचलो नसतो."